अरबी समुद्राची वादळी बखर

जगातल्या सर्वांत संहारक चक्रीवादळांच्या अनेक याद्यांत मुंबईचे नाव आढळते. ६ जून १८८२ रोजी शहरावर वादळ आदळले आणि एक लाख माणसे मेली, अशी ती नोंद. एका यादीतून दुसरीत, एका पुस्तकातून दुसऱ्यात ती उतरत गेली आणि लोकांनी ती खरी मानली. मुळात असे वादळ झालेच नव्हते. १८८१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती. एक लाख माणसे गेली असती तर दर आठ मुंबईकरांमागे जवळपास एक दगावला असता आणि शहरातल्या गल्लीगल्लीत सुतक पडले असते. पण त्या वर्षीच्या कागदपत्रांत आणि वर्तमानपत्रांत अशा संहाराचा मागमूस नाही. लेखक अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या पुस्तकाच्या निमित्ताने हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल यांच्यासह या नोंदीचा माग काढला, तेव्हाही हाती काही लागले नाही.

न झालेले वादळ असे याद्यांत टिकून राहिले आणि झालेली वादळे मात्र विसरली गेली. १८५४ च्या नोव्हेंबरात मुंबईला खरोखरच एका चक्रीवादळाने झोडपले. चार तासांत लाखोंची मालमत्ता नष्ट झाली आणि सुमारे हजार माणसे मेली, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. त्याआधी १६१८ च्या मे महिन्यात वसई-मुंबईच्या पट्ट्यात असेच वादळ येऊन गेले; पोर्तुगीज पाद्र्यांनी चर्चची छपरे उडाल्याचे आणि लोक भयाने गारठून गेल्याचे लिहून ठेवले आहे. आजच्या मुंबईत किती जणांना ही दोन वर्षे ठाऊक असतील?

वादळे म्हटली की बंगालचा उपसागर, ओडिशा, आंध्र. आपला समुद्र तसा शांत, असे पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. ही समजूत अगदीच निराधार नव्हती. पण ती अर्धवट होती आणि तिची किंमत अनेकांनी जिवाने मोजली आहे.

चारास एक

उत्तर हिंदी महासागरात दर वर्षी सरासरी पाचेक चक्रीवादळे तयार होतात. त्यांतली चार बंगालच्या उपसागरात आणि एक अरबी समुद्रात, असे जुने प्रमाण सांगितले जाते. या फरकाला कारणे आहेत. चक्रीवादळाला लागते ऊबदार पाणी. पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेसव्वीस अंश सेल्सियसच्या वर असावे लागते आणि ती ऊब बरीच खोलवर असावी लागते. त्या पाण्याची वाफ वर चढते, थंड होऊन तिचे ढग बनतात, या बदलात उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेवर वादळ पोसले जाते. उपसागराचे पाणी मुळातच अधिक ऊबदार, शिवाय पॅसिफिककडून येणाऱ्या वादळांचे अवशेषही तिथे पुन्हा जोर धरतात. अरबी समुद्राच्या पश्चिमेला वाळवंटे आहेत. तिकडची कोरडी हवा ढगांची वाढ खुंटवते. नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खालचे गार पाणी वर आणतात.

मोसमी पावसाच्या भर महिन्यांत तर वादळ क्वचितच उभे राहते. तेव्हा खालच्या थरात नैऋत्येचे जोरकस वारे असतात आणि उंचावर पूर्वेचे. वाढू पाहणाऱ्या वादळाचा माथा आणि पाया दोन दिशांना ओढले जातात. म्हणून अरबी समुद्रातली बहुतेक वादळे दोनच हंगामांत येतात: पाऊस सुरू होण्याआधी आणि सुरू होताना, म्हणजे मे-जूनमध्ये, आणि पाऊस परतल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. मे महिन्यात बंदीपूर्वीची शेवटची मासळी पदरात पाडून घेण्याची घाई असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तर ऐन हंगाम. वादळांचे महिने आणि होड्या खोल पाण्यात असण्याचे महिने बहुतांशी एकच आहेत.

तयार झालेले वादळ कुठे जाणार, हे वरच्या थरातले वारे ठरवतात. अरबी समुद्रातली बरीच वादळे वायव्येकडे, ओमान-येमेनच्या दिशेने जातात. काही उत्तरेला वळून गुजरातवर आदळतात. कोकण या दोन वाटांच्या मधल्या कुशीत येते, म्हणून तिथे थेट धडक क्वचित बसते. मात्र किनाऱ्याला समांतर जाणारे वादळही वाटेत पुष्कळ काही ओरबाडून नेते.

बेटे, बोटी आणि बुडालेली नावे

एकोणिसाव्या शतकातल्या वादळांच्या खुणा राजकीय इतिहासातही सापडतात. १८४७ साली लक्षद्वीपच्या आंद्रोत्त आणि आसपासच्या बेटांना चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले. ही बेटे तेव्हा कण्णूरच्या अरक्कल घराण्याच्या अमलाखाली होती. बेटांवरच्या लोकांना मदत पोचवण्यासाठी त्या घराण्याकडे पुरेसा पैसा नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम रॉबिन्सन याने कर्जाचा हात पुढे केला. व्याज चढत गेले, कर्ज फिटेना आणि १८५४ मध्ये बेटांचा कारभार कंपनीच्या हाती गेला. एका वादळाने सत्तांतर घडवले.

जून १८८५ मध्ये एडनच्या आखातात, जिथे चक्रीवादळ जवळपास कधी जात नाही अशा भागात, एक वादळ शिरले. ‘ऑगुस्टा’ ही जर्मन युद्धनौका त्यात दोनशेहून अधिक खलाशांसह नाहीशी झाली. ‘रनार’ ही फ्रेंच नौकाही त्याच वादळात गेली. सुएझ कालवा सुरू होऊन जेमतेम सोळा वर्षे झाली होती आणि युरोप-आशियाची बरीचशी वाहतूक याच पाण्यावरून होऊ लागली होती.

आपल्या किनाऱ्याच्या आठवणीत सर्वांत खोल रुतलेली बोट मात्र ‘वैतरणा’. स्कॉटलंडमध्ये बांधलेली ही आगबोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला प्रवासी नेत असे. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी ही अपूर्वाई होती, म्हणून लोक तिला ‘विजळी’ म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती मांडवीहून निघाली. द्वारकेला आणखी प्रवासी चढले. लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईत मॅट्रिकच्या परीक्षेला बसायला निघालेली मुले होती, व्यापारी होते, बायकामुले होती. समुद्र इतका खवळला की बोट पोरबंदरला थांबू शकली नाही. संध्याकाळी मांगरोळच्या किनाऱ्यावरून ती लांबून दिसली, त्यानंतर कोणालाही नाही. खलाशी धरून सातशेहून अधिक माणसे होती. ना एक प्रेत हाती आले, ना बोटीचा सांगाडा.

मुंबई इलाख्याच्या सरकारने चौकशी केली आणि बोटीवर जीव वाचवण्याची साधने पुरेशी नव्हती, हे त्यात पुढे आले. सौराष्ट्र आणि कच्छमधल्या बायकांनी कप्तान हाजी कासम आणि त्याची विजळी यांची गाणी रचली. झवेरचंद मेघाणी यांनी ती लोकगीते संग्रहित केल्यामुळे गुजराती घरांत ‘हाजी कासम’ हे नाव आजही परके नाही. वादळाची जी नोंद कार्यालयांत धूळ खात पडली असती, ती गाण्यांनी जिवंत ठेवली.

मुंबईची पुढची मोठी परीक्षा स्वातंत्र्यानंतर सव्वा वर्षाने झाली. नोव्हेंबर १९४८ च्या चक्रीवादळात शहरात ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाचे झोत नोंदले गेले. झाडे, तारा, छपरे कोसळली आणि दोन दिवस शहराचे व्यवहार बंद पडले. तेव्हाची मुंबई आजच्या मानाने लहान होती. उपनगरांचा विस्तार व्हायचा होता, खाड्यांवरचे भराव आणि त्यांवरच्या वस्त्या अजून यायच्या होत्या.

कांडलाची मिठागरे

९ जून १९९८. पोरबंदरजवळ जमिनीवर आलेले चक्रीवादळ सौराष्ट्र ओलांडून कच्छच्या आखातावर पोचले. आखात उथळ आणि आत जाता जाता अरुंद होणारे. वाऱ्याने रेटलेल्या पाण्याला पसरायला जागा उरली नाही, ते वर चढले आणि कांडला बंदराच्या भोवतालच्या सपाट जमिनीवर घुसले.

ती जमीन म्हणजे मिठागरे. मिठागराला उंचवटा चालत नाही. मैलोन्‌मैल सपाट वाफे, मधून मातीचे बांध आणि बांधांच्या कडेला मजुरांच्या झोपड्या. आसरा घ्यायला पक्की इमारत नाही, चढून बसायला टेकडी नाही. मजुरांपैकी पुष्कळ जण दूरच्या राज्यांतून आलेले होते आणि त्यांची नावे कोणत्याही पटावर नव्हती. वादळाचा इशारा त्यांच्यापर्यंत वेळेत पोचलाच नाही. सरकारी आकड्यांनुसार हजारावर माणसे मेली आणि त्याहून अधिक बेपत्ता राहिली. प्रत्यक्ष आकडा कितीतरी मोठा असल्याचे तेव्हापासून सांगितले जाते. ज्यांची जिवंतपणी मोजदाद नव्हती, त्यांची मेल्यावर कशी होणार?

वाळवंटातला पाऊस आणि विदर्भातले टोळ

जून २००७ मध्ये आलेले ‘गोनू’ हे अरबी समुद्रात नोंदले गेलेले पहिले महाचक्रीवादळ. ओमानमध्ये त्याने पन्नासच्या आसपास बळी घेतले. मस्कतमधले एरवी कोरडे असणारे ओढे रस्त्यांवरून वाहू लागले. २०१५ च्या नोव्हेंबरात ‘चपाला’ आणि ‘मेघ’ ही दोन वादळे एका आठवड्याच्या अंतराने सोकोत्रा बेटावर आली. ‘चपाला’ पुढे येमेनच्या मुकल्ला शहराजवळ किनाऱ्याला लागले. इतक्या ताकदीचे वादळ येमेनच्या मुख्य भूमीवर आल्याची त्याआधी नोंद नव्हती.

ही वादळे परमुलखातली म्हणून सोडून देता येत नाहीत. मे २०१८ मध्ये ‘मेकुनू’ ओमानच्या सलालाजवळ जमिनीवर आले आणि अरबस्तानच्या रुब अल खाली या ओसाड वाळवंटात पाण्याची तळी साठली. ऑक्टोबरात ‘लुबान’ने त्याच भागात पुन्हा पाऊस पाडला. वाळूत हिरवळ उगवली आणि वाळवंटी टोळांना अंडी घालायला ओलसर जमीन मिळाली. माणसांची वस्ती नसल्याने कोणाचे लक्षही गेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे तिथे टोळांच्या तीन पिढ्या निपजल्या आणि त्यांची संख्या आठ हजार पटींनी वाढली. पुढे त्या झुंडी येमेन, इराण आणि आफ्रिकेत पसरल्या. डिसेंबर २०१९ मध्ये ‘पवन’ या वादळाने सोमालियात पाऊस पाडून त्यांना आणखी बळ दिले.

मे २०२० मध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून टोळधाड विदर्भात उतरली. अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांत शेतकरी संत्र्याच्या बागांमध्ये थाळ्या, डबे वाजवत आणि धूर करत उभे राहिले. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या काटोल-वरूडकडच्या शिवारावर आलेल्या या संकटाचा धागा दोन वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळांपर्यंत जातो.

फयान, ओखी, निसर्ग, तौक्ते

कोकणात वादळांची गणना आता नावांनी होते. ११ नोव्हेंबर २००९ चे ‘फयान’ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. तोवर दक्षिण कोकणातल्या होड्या त्याच्या तडाख्यात सापडल्या होत्या आणि समुद्रावर गेलेले अनेक मच्छीमार परतले नाहीत. त्यानंतर बंदरावर इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला की जुनेजाणते ‘फयान’ची आठवण काढू लागले.

२०१७ मध्ये ‘ओखी’ आले. कन्याकुमारीजवळचा कमी दाबाचा पट्टा एका दिवसात चक्रीवादळ बनला. केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार तेव्हा खोल समुद्रात होते. किनाऱ्यावर दिलेला इशारा त्यांच्यापर्यंत नेणारे कोणतेच साधन नव्हते. दोनशेहून अधिक जण मरण पावले किंवा बेपत्ता झाले. वाऱ्याने भरकटलेल्या ६८ बोटी साडेनऊशे मच्छीमारांना घेऊन सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला, देवगड बंदरात पोचल्या. पुढे मुंबईच्या दिशेने येताना ‘ओखी’चा जोर ओसरत गेला. तरी ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनासाठी आलेल्या भीमसैनिकांचे शिवाजी पार्कवरचे मंडप पावसाने चिखलात गेले आणि लोकांना शाळांमध्ये हलवावे लागले.

३ जून २०२० ला दुपारी ‘निसर्ग’ने अलिबागच्या दक्षिणेला, मुरूड-दिवेआगरच्या पट्ट्यात जमीन गाठली. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. कोरोनाची टाळेबंदी चालू होती आणि मुंबईहून गावी परतलेल्या माणसांनी घरे भरलेली होती. मुंबई थोडक्यात बचावली, म्हणून बातम्या लवकर ओसरल्या. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीत खरे दुःख नंतर सुरू झाले. घरांवरची कौले आणि पत्रे उडालेले, वर तोंडावर आलेला पावसाळा, आठवडेच्या आठवडे वीज नाही. वाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पोफळी मधोमध मोडल्या होत्या, माड मुळांसकट आडवे झाले होते आणि त्यांच्याखाली मिरीचे वेल, जायफळ, केळी गाडली गेली होती.

पोफळीला पहिले फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. वाडी म्हणजे आजोबांनी लावलेली, नातवाने शिंपलेली मिळकत. ती पाच-दहा गुंठ्यांची असते, त्यामुळे सरकारी भरपाईचा हेक्टरी हिशेब तिला लागूच पडेना. शेवटी झाडामागे भरपाई देण्याचा निर्णय घ्यावा लागला. या वादळात मृतांचा आकडा दहाच्या आत राहिला. पण एका पिढीचे उत्पन्न काही तासांत जमीनदोस्त झाले.

वर्षभरानंतर, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले. ते महाराष्ट्रात जमिनीवर आलेच नाही. गुजरातमध्ये दीव आणि उना यांच्या दरम्यान त्याने किनारा गाठला. तरी १७ मे रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २३० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मे महिन्यात मुंबईत असा पाऊस कोणी पाहिला नव्हता. त्याच दिवशी बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या परिसरात कामगारांच्या निवासासाठी नांगरलेल्या पी-३०५ या तराफ्याचे नांगर तुटले आणि तो बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. ‘आयएनएस कोची’ आणि नौदलाच्या इतर नौकांनी उंच लाटांतून १८६ जणांना बाहेर काढले. सत्तरहून अधिक कामगार मात्र गेले. वादळाचा इशारा काही दिवस आधीच दिलेला होता. कांडलात इशारा पोचला नव्हता, इथे तो पोचूनही माणसे समुद्रातच राहिली.

पाण्याचा ताप

वादळे अलीकडे जास्त येतात असे वाटते, की खरोखरच येतात? याचे उत्तर पुण्यात शोधले गेले. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते २०१९ या काळातल्या नोंदी तपासल्या. पहिल्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ नंतर अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली, तर बंगालच्या उपसागरात ती किंचित घटली होती. वादळांचे आयुष्यही अरबी समुद्रात ८० टक्क्यांनी वाढले होते. गेल्या चार दशकांत या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान एक अंशाहून अधिक चढले आहे. ज्या गार पाण्याने वादळांना आवर घातला होता, तेच आता तापले आहे.

एकट्या २०१९ मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. त्याआधी १९०२ मध्येच तेवढी नोंदली गेली होती. २०१९ च्या पाचांतले ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ आणि त्याच्या पाठोपाठचे ‘महा’ ही दोन एकाच वेळी समुद्रात होती. कोकणात कापणीला आलेला भात त्या ऑक्टोबरात शेतातच आडवा झाला. तापलेल्या पाण्यावर वादळे झपाट्याने तीव्र होतात. काल रात्री साधा पट्टा असलेले सकाळी चक्रीवादळ झालेले असते. त्यामुळे अंदाज आणि तयारी यांना मिळणारा वेळ आटत चालला आहे.

या वेळेचा उपयोग कसा करता येतो, हे कच्छनेच दाखवून दिले. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ नऊ-दहा दिवस समुद्रात घोंगावत राहिले आणि १५ जूनला जखाऊ बंदराजवळ आदळले. त्याआधी सुमारे एक लाख लोकांना हलवले गेले होते. त्यात मिठागरांतले मजूर होते, गर्भवती स्त्रिया होत्या. खांब आणि झाडे हजारोंनी पडली, जनावरे दगावली. पण वादळ जमिनीवर आल्यानंतर गुजरातेत एकाही माणसाचा बळी गेल्याची नोंद झाली नाही. त्याच्या पंचवीस वर्षे आधी याच जिल्ह्यात प्रेते मोजता आली नव्हती. मुंबईत मात्र त्याच वादळाने खवळलेल्या समुद्रात जुहूला पोहायला उतरलेली मुले बुडाली. वादळ शेकडो किलोमीटर दूर होते आणि किनाऱ्यावर गर्दी होती.

तयारीतही पश्चिम किनारा मागाहून आला. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात आंध्र आणि ओडिशा होते. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, केरळ यांची पाळी २०१५ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात आली. निवारा केंद्रे आणि जमिनीखालून जाणाऱ्या वीजवाहिन्या ही त्यातली कामे. ‘निसर्ग’च्या काळोख्या आठवड्यांनी त्यांची निकड दाखवून दिली आहे. ही कामे कोकणातल्या प्रत्येक बंदराच्या गावापर्यंत जायला हवीत. वाडीच्या विम्याचा आणि गुंठ्याच्या हिशेबाचा प्रश्नही पुढचे वादळ येण्याआधीच सुटायला हवा.

खोल समुद्रातल्या मच्छीमारांसाठीही काही हालचाल झाली आहे. इस्रोने विकसित केलेली, दोन्ही बाजूंनी संदेश पाठवू शकणारी यंत्रे देशभरातल्या एक लाख मासेमारी बोटींवर बसवण्याच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाली. ‘ओखी’च्या वेळी बोटींवर जे नव्हते, ते हेच. यंत्र चालू ठेवणे, संदेश मच्छीमाराच्या भाषेत येणे आणि तो आला की जाळी सोडून माघारी फिरणाऱ्या तांडेलाचे त्या फेरीचे नुकसान कोणीतरी भरून देणे, या तिन्ही गोष्टींवर योजनेचे यश ठरेल. डिझेल आणि बर्फाचा खर्च डोक्यावर असताना रिकाम्या हाती बंदराकडे वळण्याचा निर्णय अखेर त्यालाच घ्यायचा असतो.